संकेतस्थळ-मूल्यमापन

एखादे संकेतस्थळ ज्या कामासाठी निर्माण केलेले असते, ते काम सर्वसामान्य व्यक्तीला त्यावर कितपत अचूकपणे, किती श्रमांत व किती समाधानाने पार पाडता येते, याची पद्धतशीर तपासणी म्हणजे संकेतस्थळ-मूल्यमापन होय. संकेतस्थळाची रचना व वापरसुलभता ही या तपासणीची दोन अंगे मानली जातात. पानाची मांडणी, अक्षरवळण, रंग व चित्रे यांचा रचनेत समावेश होतो. शोध, निवड, नोंद, दुरुस्ती आणि पोच या क्रिया किती सहज घडतात, ते वापरसुलभतेवरून कळते. रचना डोळ्यांना दिसते, वापरसुलभता मात्र वापर घडल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे या विद्येचा इतिहास हा बव्हंशी पानाकडून माणसाकडे नजर वळविण्याचा इतिहास आहे.

मराठी भाषकांच्या संदर्भात हा इतिहास पाहावयाचा तर एखादे ठिकाण डोळ्यांसमोर असणे सोयीचे होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव असून कोकण रेल्वेवर त्याचे स्थानक आहे. सह्याद्री शिक्षण संस्थेची विद्यालये-महाविद्यालये तेथे आहेत आणि जवळच डेरवण येथे बी. के. एल. वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथीलही अनेक कुटुंबांची एक शाखा मुंबईत नोकरीस असते. रेल्वेचे आरक्षण, जमिनीचा उतारा आणि महाविद्यालयातील प्रवेश ही अशा गावाची तीन नित्याची कामे आता संकेतस्थळांवरून होतात व या तिन्ही कामांत चूक झाल्यास तिची किंमत मोठी असते.

पूर्वपीठिका : वापरातील चूक ही वापरणाऱ्याचीच असते, ही समजूत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रथम ढळली. अमेरिकेच्या बी-१७ बाँबफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर चुकून चाके आत ओढून घेत, असे वारंवार घडू लागले. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपनिस यांनी चाकांचा व पंख-झडपांचा खटका शेजारीशेजारी आणि एकसारखे असल्याचे निदर्शनास आणले. खटक्यांना निरनिराळे आकार देताच ती चूक थांबली. यंत्र माणसास अनुरूप असावे, या विचाराचे हे ठळक उदाहरण ठरले. संगणक कार्यालयांत आल्यावर हाच विचार पुढे गेला. १९८५ मध्ये जॉन गूल्ड व क्लेटन लूइस यांनी तीन तत्त्वे मांडली : आरंभापासून वापरकर्त्याकडे लक्ष देणे, प्रत्यक्ष प्रयोगाने मोजणे आणि मोजमापानुसार रचना पुनःपुन्हा सुधारणे. १९८६ मध्ये जॉन ब्रूक यांनी दहा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिची उत्तरे शून्य ते शंभर या मापावर मांडली जातात. तिची साधी रचना व अल्प खर्च यांमुळे ती आजही वापरात आहे.

संकेतस्थळांचा उदय आणि पहिल्या पद्धती : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन-संस्थेत जागतिक जालाची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले आणि त्याच वर्षी मोझेइक हा चित्रे दाखविणारा न्याहाळक उपलब्ध झाला. यापूर्वीचे संगणक वापरणारे बहुधा प्रशिक्षित कर्मचारी असत. संकेतस्थळावर येणारा माणूस मात्र अनोळखी, अप्रशिक्षित आणि पुस्तिका न वाचणारा होता. त्यामुळे मूल्यमापनाची गरज एकाएकी वाढली.

डेन्मार्कमधील याकोब नील्सेन व रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये तज्ञ-परीक्षणाची एक पद्धत सुचविली होती. तीत काही परीक्षक ठरावीक निकषांच्या आधारे पडद्यामागून पडदा तपासतात व दोषांची यादी करतात. नील्सेन यांनी १९९४ मध्ये हे निकष दहा केले. यंत्रणेत काय चालले आहे ते वापरकर्त्यास दिसावे, शब्द त्याच्या परिचयाचे असावेत, चुकून टाकलेले पाऊल मागे घेता यावे, चूक घडण्यापूर्वीच टळावी, स्मरणावर भार न देता निवड समोर दिसावी इ. निकषांचा त्यांत समावेश आहे. दुसरी पद्धत प्रत्यक्ष चाचणीची. तीत निवडक व्यक्तींना एकेक काम देऊन ती करताना त्यांचे निरीक्षण करतात व मनात येईल ते मोठ्याने बोलण्यास सांगतात. पाच व्यक्तींच्या चाचणीत बहुतेक मोठे दोष उघड होतात, हे नील्सेन यांचे २००० मधील प्रतिपादन प्रसिद्ध आहे. मात्र ते सर्वमान्य नाही.

या पद्धतींच्या मर्यादा मोलिक यांनीच पुढे आणल्या. १९९८ पासून त्यांनी घडवून आणलेल्या तुलनात्मक अभ्यासांपैकी एकात नऊ स्वतंत्र गटांनी हॉटमेल या विरोप-सेवेचे परीक्षण केले. एकूण ३१० दोष नोंदविले गेले. परंतु त्यांपैकी सु. ७५ टक्के दोष केवळ एकाच गटाला आढळले होते. कोणाला बसविले, कोणते काम दिले व कोठे पाहिले यांवर निष्कर्ष अवलंबून असतो, हा या अभ्यासाचा धडा होय. १९९८ मधील आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाने वापरसुलभतेची जी व्याख्या केली, तिच्यातही हाच आशय आहे. परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान ही तीन मापे विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्ट आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच घ्यावीत, असे ते सांगते. हा संदर्भ बदलला की एकच संकेतस्थळ चांगले किंवा वाईट ठरू शकते.

मराठी लिपीची अडचण : भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली. मराठी वापरकर्त्यापुढे प्रारंभी उभा राहिलेला प्रश्न मांडणीचा नव्हता, तर अक्षर दिसण्याचा होता. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित झाले व ते पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) वाढविले. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक आणि १९९१ मध्ये इस्की ही संकेत-प्रणाली प्रमाणित झाली. तरीही आरंभीची बरीच मराठी संकेतस्थळे स्वतःचे खास टंक वापरीत. तो टंक आधी उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर रोमन चिन्हांची निरर्थक गर्दी दिसे. टंक असला तरी त्या मजकुरात शब्द शोधता येत नसे; कारण दिसणारे अक्षर मराठी असले, तरी संगणकाने साठविलेले चिन्ह वेगळेच असे.

युनिकोड या जागतिक संकेत-प्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून होता; परंतु नेहमीच्या संगणकावर ती सहजपणे दिसू लागली ती विंडोज २००० नंतर. तीसाठी वापरलेला मंगल हा टंक सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी आखला होता. मराठीच्या काही गरजा यानंतरही शिल्लक राहिल्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद दाखविणारा अर्धा र अनेक टंकांत नीट उमटत नसे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत ते अ व चंद्र जोडून लिहिले जाई. त्यामुळे एकच शब्द दोन प्रकारे साठविलेला आढळे आणि एका प्रकाराने शोधल्यास दुसरा सापडत नसे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे प्रमाणित केली. पाश्चात्त्य निकषांच्या यादीत अक्षर उमटणे हा निकषच नव्हता. कारण ते तेथे गृहीत होते. मराठी संकेतस्थळाच्या मूल्यमापनात मात्र ती पहिली पायरी ठरली.

वारणेचा अनुभव : ग्रामीण महाराष्ट्रात प्रत्यक्ष वापराचा मोठा प्रयोग १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे सुरू झाला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, राज्य शासन व वारणा सहकारी समूह यांच्या सहकार्याने सु. ७० गावांच्या परिसरात संगणक-केंद्रे उभारण्यात आली. पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण व शासकीय सेवा अशी विविध माहिती शेतकऱ्यांना मिळावी, असा उद्देश होता. पुढे झालेल्या पाहणीत असे दिसून आले, की केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन व खताचा हिशेब एवढ्यापुरता होत होता. २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेशांनी हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला व तो कमी खर्चात यशस्वी झाला. आखणाऱ्यांना महत्त्वाची वाटलेली कामे आणि शेतकऱ्याची निकडीची कामे यांत अंतर असू शकते व ते केवळ पाहणीनेच कळते, ही गोष्ट या प्रयोगाने महाराष्ट्रापुरती सिद्ध केली.

नित्योपयोगी संकेतस्थळे : यानंतरच्या काळात सार्वजनिक व्यवहार झपाट्याने संकेतस्थळांवर आले. ३ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वेची तिकिटे इंटरनेटवरून मिळू लागली. आरंभी तिकीट घरपोच पाठविले जाई. २००५ पासून स्वतः छापून घ्यावयाचे तिकीट आले. गणेशोत्सवात गावी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या दृष्टीने आरक्षण उघडल्यानंतरची काही मिनिटेच निर्णायक असतात. अशा प्रसंगी पृष्ठ किती देखणे आहे, यापेक्षा ते भाराखाली टिकते काय, मध्येच बाहेर पडावे लागल्यास भरलेली नावे शिल्लक राहतात काय आणि पैसे कापले जाऊन तिकीट न मिळाल्यास तसे स्पष्ट कळते काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे असतात.

स्थलनामांचा प्रश्न सावर्ड्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. गाव सावर्डे, तर रेल्वे-स्थानक सावर्डा. रोमन लिपीत लिहिताना ‘व’ साठी दोन निरनिराळी अक्षरे वापरली जातात आणि शेवटचा स्वरही बदलतो. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत याच नावाची गावे आहेत. शिवाय मराठीत सावर्डे असेच लिहिले जाणारे गोव्यातील गाव दक्षिण पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना पोर्तुगीज वळणाच्या रोमन नावाने भेटते. शोधचौकटीत अचूक एकच वर्णलेखन अपेक्षित धरले, तर आपल्या गावाचे नाव बिनचूक लिहिणाऱ्यालाही ते सापडत नाही. जवळपासची सर्व वर्णलेखने स्वीकारून जिल्ह्याच्या नावासह पर्याय दाखविणे हा यावरील उपाय आहे. तो अंमलात आणला आहे किंवा नाही, हे तपासण्यास विशेष साधनांची गरज नसते. गावातील एका माणसाला ते नाव लिहावयास सांगणे पुरेसे असते.

जमिनीच्या अभिलेखाबाबत गरज अधिक नाजूक आहे. गाव नमुना सात हा अधिकार-अभिलेख व गाव नमुना बारा ही पिकांची नोंद मिळून सातबारा होतो. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरातून हस्तलिखित रूपात मिळे. अभिलेखांच्या संगणकीकरणानंतर तो महाभूलेख या संकेतस्थळावर पाहता येऊ लागला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा उपलब्ध झाला. विभाग, जिल्हा, तालुका व गाव या क्रमाने सूचीतून निवड करावयाची असल्याने नाव टंकित करण्याचा त्रास येथे वाचतो, हा या रचनेचा गुण होय. गाव सापडल्यानंतर मात्र सर्व्हे क्रमांक व हिस्सा क्रमांक ठाऊक असावा लागतो. कोकणात एका क्रमांकाचे अनेक लहान हिस्से पडलेले असतात आणि उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. वारसनोंद झालेली नसल्यास नाव आजोबांचेच असते. त्यामुळे मुंबईत वाढलेला नातू स्वतःच्या नावाने शोध घेतो, तेव्हा त्याला काहीच आढळत नाही. ‘नोंद आढळली नाही’ एवढ्या उत्तरातून जमीन गेली, की शोध चुकला, हे त्याला कळत नाही. शिवाय विनामूल्य पाहावयाचा उतारा केवळ माहितीसाठी असून कामकाजासाठी स्वाक्षरीत उतारा शुल्क भरून घ्यावा लागतो, हा भेद प्रथम येणाऱ्याच्या लक्षात येईल अशा रीतीने मांडलेला असणे आवश्यक ठरते. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारताना त्यावर गावाचा संकेतांक छापण्याची तरतूद झाली. एकसारख्या नावांच्या गावांचा घोटाळा टाळण्याच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्याला महाविद्यालयांचा पसंतिक्रम संकेतस्थळावर नोंदवून तो कायम करावा लागतो. कायम केल्यावर बदल करता येत नाही. येथे चूक टाळण्याच्या निकषाची कसोटी लागते. अंतिम कळ दाबण्यापूर्वी संपूर्ण यादी महाविद्यालयांच्या नावांसह, केवळ सांकेतिक क्रमांकांनी नव्हे, पुन्हा दाखविणे आणि परिणामाची सूचना सोप्या मराठीत देणे एवढ्या दोन गोष्टींनी वर्ष वाया जाण्याचा धोका कमी होतो.

मध्यस्थामार्फत वापर : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना प्राप्त झाला व आपले सरकार हे संकेतस्थळ त्यांसाठी वापरात आले. प्रत्यक्षात अनेक अर्ज नागरिक स्वतः भरत नाहीत. ते गावातील सेवा केंद्राचा चालक भरतो. हा चालक दिवसाकाठी तीच पाने अनेकदा हाताळत असल्याने त्यांतील खाचखळगे त्याला पाठ झालेले असतात. त्यामुळे पूर्ण झालेल्या अर्जांची संख्या मोजली, तर संकेतस्थळ सुलभ असल्याचा भास होतो. वस्तुतः त्या संख्येत चालकाचे कौशल्य, नागरिकाची फेरी व त्याने मोजलेले शुल्क दडलेले असते. शिवाय आलेला एकवार संकेतांक व कागदपत्रे दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागतात. जाणकार चालक व प्रथमच येणारा नागरिक या दोघांची चाचणी स्वतंत्रपणे घेतल्याशिवाय अशा संकेतस्थळाचे खरे मूल्यमापन होत नाही. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्याने बहुसंख्य लोक लहान पडद्यावर संकेतस्थळे पाहतात. मोठ्या पडद्यावर उत्तम ठरलेली रचना तेथे पुन्हा तपासावी लागते.

मानके व कायदा : अपंग व्यक्तींना संकेतस्थळे वापरता यावीत, यासाठी जागतिक जाल संघाने १९९९ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती जाणवण्याजोगे, चालविण्याजोगे, समजण्याजोगे व टिकाऊ या चार तत्त्वांभोवती गुंफण्यात आली. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने माहिती व सेवा सुगम असण्याचे दायित्व कायद्याने घालून दिले. बँका वा दूरध्वनी-सेवा घेताना ओळख पटविण्यासाठी पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट दृष्टिहीनांना व ॲसिडहल्ल्यात चेहऱ्यास इजा झालेल्यांना पूर्ण करता येत नाही, या तक्रारीवर ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. सोय म्हणून आरंभलेला विचार अशा रीतीने हक्काच्या कक्षेत आला.

मानकांची पूर्तता यंत्राद्वारे काही अंशी तपासता येते. चित्रास पर्यायी मजकूर आहे किंवा नाही, अक्षर व पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक आहे किंवा नाही, हे आज्ञावली सांगू शकते. परंतु पर्यायी मजकूर अर्थपूर्ण आहे काय, ‘फेरफार’ वा ‘खातेदार’ या शब्दांचा अर्थ वाचणाऱ्यास कळतो काय आणि चुकल्यावर पुढे काय करावयाचे हे त्याला उमगते काय, याचे उत्तर माणसाशेजारी बसूनच मिळते. चॅपनिस यांनी वैमानिकाला दोष न देता खटका पाहिला. तद्वतच ‘लोकांना जमत नाही’ ही तक्रार संकेतस्थळाविषयीची नोंद म्हणून वाचावी लागते. राजधानीच्या कार्यालयात मंजूर झालेले पृष्ठ सावर्ड्याच्या शेतकऱ्याने कोणाच्याही मदतीशिवाय वापरून आपला उतारा मिळविला, तरच ते उत्तीर्ण झाले असे समजता येते.